मशीनची चाल

टक्. एवढासाच आवाज झाला, फुटाणा दाढेखाली फुटावा तेवढा, अन् कटर तुटला. टोक अल्युमिनियमच्या पट्टीत रुतून बसलं अन् वरचा बुडखा तसाच फिरत राहिला, घर्र घर्र, जसं काही झालंच नाही. मोनालीले कटर तुटल्याचा तेवढा राग नाही आला जेवढा मशीनच्या या मस्तवालपणाचा आला. या आठवड्यातला हा कितवा, हे मोजणं तिनं सोडून दिलं होतं. तिनं लाल बटणावर थापड मारली. पण मशीन काही एकदम थांबणाऱ्यातली नव्हती, तिले थांबायलेही वेळ लागे. पुली उसासे टाकत फिरत राही, पट्टा शेवटी एकदा फटकन् वाजे, अन् मंग खोलीत ती शांतता ये जी मोनालीले लहानपणापासून ओळखीची होती, कानात पाणी गेल्यावर असते तशी. बाहेर गुढियारीच्या मालधक्क्याकडं जाणारा ट्रक रिव्हर्स घेऊन राहिला होता. ओट्यावर खुर्चीत बसल्या बसल्या बाबा बोलले, "तुटला ना?"

"नाही."

"मंग बंद काहून केली?"

"तुम्ही बसा ना चूपचाप! दिसून राहिलं का तुम्हाले तिथून?"

"दिसत नाही म्हणूनच तं आयकू येते," बाबा म्हणाले, अन् स्वतःच्याच बोलण्यावर हसले, अर्ध्या तोंडानं, कारण लकवा मारल्यापासून उजवी बाजू हसण्यात सामील होत नव्हती.

मोनालीनं तुटलेला बुडखा काढला अन् खिडकीतल्या डब्यात टाकला. डब्यात असे बुडखे पुष्कळ झाले होते, दुधाच्या दातांसारखे. चूक कुठं होती ते तिले कळत होतं, अन् कळत होतं म्हणूनच जास्त चिडचिड होती. पट्टीत बारीक खाचा पाडायच्या होत्या, पोह्याच्या मिलमधल्या पॅकिंगच्या मशीनसाठी, अन् बारीक खाच म्हटली की बारीक कटर आला. बारीक कटरले जोरात फिरवावं लागते, तेव्हा तो फेऱ्याफेऱ्याले थोडं थोडं खाते. हळू फिरवला तं तोंडात घास मोठा येते अन् मान मोडते. अन् बाबाची मशीन म्हणजे जन्माची सुस्त. लोखंडासाठी ठीक होती. शहराबाहेर उरल्याले लोखंडाचे कारखाने, तिथल्या रोलिंग मिलवाल्यांच्या जाड्याजुड्या पुल्या इथं येत, बाबा त्यात चावीचे घाट, पुली दांड्यावर पक्की बसावी म्हणून लागतात त्या खाचा, पाडत, एक घाट पाडेपर्यंत चहा होऊन जाये, शेजाऱ्याचं भांडण होऊन मिटून जाये. बाबा त्या वेळात मशीनजवळ स्टुलावर बसून राहत, डोळे मिटून, अन् लहान मोनालीले वाटे की बाबा झोपले. एकदा तिनं हळूच टेबलाचं चाक फिरवलं होतं, बोटभर, अन् बाबा डोळे न उघडता म्हणाले होते, "वापस फिरव." किती दूरचं वाटते ते आता. अन् आहे याच खोलीतलं, याच स्टुलाजवळचं. माणूस गाव सोडून जाते तेव्हा त्याले गावाची आठवण येते, हे ठीक आहे. पण ज्या खोलीत उभं आहे त्याच खोलीची आठवण यावी, हे काय आहे, हे तिले समजत नव्हतं. कटर थंड ठेवायले मशीनवर घातलेल्या दुधट पाण्याचा तो वास, तेलकट अन् थोडा आंबट, आजही तोच होता. त्या वासात तिनं पाढे पाठ केले होते, घर्रच्या तालावर, अन् मंग शाळेत तालाशिवाय पाढे म्हणता येईनात म्हणून मार खाल्ला होता. शाळेचं तं काय बोलावं. अकरावीत एका सरनं वर्गात म्हटलं, फिटर की बेटी है, पाना पकड़ेगी, पेन क्या पकड़ेगी, अन् मोनालीनं कंपासपेटी भिरकावली. लागली नाही त्याले, फळ्याले लागली. माफी माग म्हणाले. नाही मागितली. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघाली ती शाळेत गेलीच नाही, टेसनाच्या पुलावर उभी राहून मालगाडीचे डबे पाहत बसली, अन् दुपारी घरी येऊन मशीन सुरू केली. बाबाले तेव्हा नुकताच लकवा मारला होता. आवाज आयकून ते खाटेवर उठून बसायले गेले अन् पडले. आई रडली. कोणासाठी रडली ते तिलेच माहीत.

आई, म्हणजे शांता, दवाखान्यात आया होती. सकाळची ड्युटी करून ती घरी आली की पहिलं काम म्हणजे फरशी पुसणं, कारण उरल्याची काळी धूळ रोज नेमानं घरात ये. त्या दिवशीही ती फडकं पिळता पिळता म्हणाली, "मोडला का आणखी एक?"

"तुले कोणी सांगतलं?"

"तुह्या तोंडानं सांगतलं. हे पाय पोट्टे, मी शेवटचं सांगून राहिली. हे पोहेवाल्याचं काम झालं तं झालं. नाही झालं तं अश्विनमामानं जागा ठेवली आहे दुकानात, पंख्याखाली बसायचं, मोबाइलचे कव्हर विकायचे. अन् हे धूड जाईल उरल्याले, भट्टीत. खोली भाड्यानं देऊ."

"भट्टीत काहून? विकता नाही येत का?"

"कोण घेते हिले? हिचा आवाज आयकून लोकं रस्ता बदलतात."

ओट्यावरून बाबा म्हणाले, "माह्याकडं पाहून बोलून राहिली का मशीनकडं?"

"दोघांकडं," आई म्हणाली, अन् मंग तिचं तिलेच हसू आलं, अन् हसू आल्याचा राग आला, अन् ती आत निघून गेली. मोनालीले तिथल्या तिथं कळलं की आई खरं बोलून राहिली. मामाच्या दुकानातला पंखा तिच्या डोळ्यांपुढं फिरला. त्याखाली बसलेली एक मोनाली दिसली, केस नीट विंचरलेली, कोणाशी न भांडणारी. त्या पोट्टीले तिनं मनातल्या मनात एक चापट लावून दिली अन् प्रशिकले फोन केला.

प्रशिक गल्लीच्या तोंडाशी राहे. आयटीआय करून वायरिंगची कामं करे. मराठी सगळी समजे, पण जवाब हिंदीतच दे, जसा हिंदी काही त्याचा युनिफॉर्म होता. येता येता त्यानं ओट्यावर "जय भीम काका" केलं, बाबानं डावा हात उचलला, अन् मंग प्रशिक मशीनभोवती असा फिरला जसा बकरा घ्यायले आलेला माणूस फिरते.

"मोटर का टेंशन नहीं है. नई मोटर, ऊपर से ड्राइव लगा दूँगा. नॉब घुमा, जितना चाहिए भगा. लेकिन तेरा ये स्पिंडल बुश में बैठा है न. भगाएगी तो पकड़ लेगा. फिर छेनी से निकालना."

"बुश नाही निघणार. बाबाच्या हातचा आहे तो."

"तो मत भगा. धीरे-धीरे काट, बुढ़ापे तक."

"तुले काम करायचं आहे का भाषण द्यायचं आहे बे?"

"हव हव, चिल्ला मत. काका सुन रहे हैं."

बाबा आयकतच होते. आयकण्याशिवाय त्यांच्याजवळ आता होतं काय. प्रशिक गेल्यावर मोनाली दारात येऊन उभी राहिली. तिनं पुरी तयारी केली होती. बाबा नाही म्हणतील, मंग ती म्हणेल की तुमच्या बुशसाठी मी कव्हर विकू का, मंग बाबा गप होतील, मंग तिले वाईट वाटेल, अन् मंग काय ते होईल. पण बाबा रस्त्याकडं पाहत म्हणाले, "काढ ना मंग."

"काय?"

"बुश. किडनी आहे का ती माही?"

अन् तिले जास्तच राग आला. जिथं जोर लावायले जावं तिथं दारच उघडं असावं, तसं झालं. ती आत गेली, पाने आपटले, मशीनच्या वरच्या हेडचे नट ढिले केले, पट्टा काढला, पुली काढली, कटर फिरवणारा दांडा, तो स्पिंडल, खाली ओढला. परत बोलावलेल्या प्रशिकनं वजनाले हात दिला अन् हेड खाली उतरवून लाकडाच्या पाटीवर ठेवलं. उरला तो बुश, स्पिंडल ज्यात फिरे ती जाड नळी. तिनं पितळेचा गज लावला अन् हातोडी मारली. पहिल्या मारीले काही नाही. दुसरीले काही नाही. बाहेर खुर्ची करकरली. तिनं आणखी एक मारली अन् बुश केसभर सरकला.

बुश बाहेर निघाला तेव्हा तो हातात गरम लागला, मारानं. आतून पाहिला तं सगळा खवल्याखवल्यांचा, मासोळीच्या अंगासारखा. ते खवले म्हणजे बाबाचा हात. मशीन उरल्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आली तेव्हा तिचा स्पिंडल दारुड्यासारखा झुले. बाबानं गनमेटलचा बुश बनवून घेतला अन् मंग किती तरी संध्याकाळी, रेल्वेच्या वर्कशॉपातून आले की, चहा पिऊन, इथं जमिनीवर मांडी घालून बसत. स्पिंडलले निळा रंग लावायचा, बुशमधून फिरवायचा, जिथं निळं लागलं तिथं उंचवटा आहे, तो खरवडायचा. पुन्हा रंग. पुन्हा फिरवायचा. मोनाली तेव्हा केवढी होती, दुसरीत असेल. रंग लावायचं काम तिचं. बोटावर घेऊन ती असा पातळ लावे की बाबा म्हणत, "वा, तुह्या हातात लोणी आहे." मंग ते निळे हात सगळीकडं लागत, पाण्याच्या गुंडाले, शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याले, एकदा आईच्या गालाले. आई ओरडे, निळ्या हातानं भाकर खाते पोट्टी, हिचं पोट निळं होईल! अन् मोनाली खरंच रोज सकाळी फ्रॉक वर करून पोट पाहे. निळं कधी झालं नाही. तिले त्याचं दुःख होतं. तिले वाटे की बाबाचं मात्र नक्कीच झालं असंल, सदऱ्याच्या आत, म्हणूनच ते दाखवत नाहीत. आज ती तिथंच बसली होती, त्याच जमिनीवर, अन् बुशच्या आत बोट फिरवून राहिली होती. खवले आता बोथट झाले होते. इतक्या वर्षांची मशीन त्यांच्यावर फिरून गेली होती. तरी लागत होते बोटाले, जराजरा.

"निघाला?" बाहेरून.

"निघाला."

"आण इकडं."

बाबानं तो डाव्या हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, उजेडाकडं धरून आतून पाहिला, अन् म्हणाले, "अजून चालला असता." मंग लगेच, जसं कोणी चोरी पकडली, "हळू चालवली असती तं." आई चहा घेऊन आली अन् पाहते तं बाबाच्या मनगटात बुश. "हे काय, बांगडी घालून बसले का?" बाबा म्हणाले, "तुह्यासाठीच माप पाहून राहिलो." आई "लाज नाही म्हाताऱ्याले" म्हणत आत गेली, अन् आतून भांडं जरा जोरातच ठेवल्याचा आवाज आला. मोनालीले हसू आलं नाही. ती बाबाच्या हाताकडं पाहून राहिली होती. उजवा हात मांडीवर पडला होता, पालथा, जसा कोणी दुसऱ्यानं तिथं विसरून ठेवला.

मंग सगळं भराभर झालं, जसं मोनालीले आवडे तसं. हेड लोडिंग ऑटोत टाकून उरल्याले नेलं. तिथल्या मोठ्या मशीनवर बुशची जागा वाढवून घेतली, नव्या बेअरिंगा बसतील एवढी, अन् तिथल्या माणसाशी भांडलीही, कारण तो तिच्याशी न बोलता सोबत आलेल्या प्रशिकशी बोले. "इनको बता," प्रशिक म्हणाला, "मालिक ये हैं," अन् मोनालीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो दिवसभर मंग मस्करी करायले गेला नाही. परत येताना ऑटोत ती हेडले धरून बसली होती. धुळीनं दात करकर वाजत होते. तिले वाटलं, आपण कोणाले तरी दवाखान्यातून घरी घेऊन जाऊन राहिलो, अन् घरचे ओळखतील की नाही त्याले.

बेअरिंगा तिनं स्वतः बसवल्या. ज्या दुकानातून आणल्या तिथल्या माणसानं पक्कं बजावलं होतं, ग्रीस तिसरा हिस्साच भरायचं, पोकळी मोकळी राहू द्यायची, नाही तं जोरात फिरताना ते घुसळते अन् तापते. तिनं कुल्फीच्या काडीनं, मोजून मापून, लोणी लावावं तसं लावलं. मंग कळलं की पट्टा चुकीचा आलेला. झाकण उघडंच ठेवून, वर स्वच्छ फडकं टाकून, ती स्कूटीनं ब्राह्मणपाऱ्यात गेली, जुन्या पट्ट्यांच्या दुकानात, तिथं दुकानदार जेवायले गेला होता, मंग बसली पायरीवर. आली तेव्हा झाकण बंद होतं, स्क्रूसुद्धा लावलेले. प्रशिकची बॅग भिंतीले टेकून होती. त्यानंच लावलं असंल, तिनं मनात म्हटलं, चला, एक काम तं न सांगता केलं.

हेड वर चढवलं. मोटर बसली, ड्राइव्हचा डबा भिंतीवर बसला, नॉब बसला. प्रशिक दुसऱ्या कामावर निघून गेला अन् मोनाली एकटीच मशीनसमोर उभी राहिली. तिनं हिरवं बटण दाबलं. आधी काहीच आवाज नाही आला असं वाटलं. मंग नॉब फिरवला तसा आवाज पायापासून वर आला, पातळ होत होत, घर्र नाही, घूं नाही, एखाद्या भिंगरीले कोणी दूर नेत राहावं तसा. कटरची धार दिसायची बंद झाली, नुसता धूर उभा असल्यासारखं. ती पाहतच राहिली. हे तिनं केलं होतं. अन् त्याच वेळी तिच्या आत कोणीतरी कान देऊन उभं होतं, जुन्या आवाजासाठी, जसं बस सुटून गेल्यावरही माणूस थांब्यावर जरा वेळ उभं राहते. तिनं आठवून पाहिलं, तो घर्र कसा होता नेमका. जिभेवर होता, पण कानात येईना. कालपर्यंत होता ना! इतक्या लवकर?

मंग वास आला. गरम तेलाचा. तिनं स्पिंडलच्या नाकाजवळ हात नेला अन् झटकन् मागं घेतला, तळवा लाल. मशीन बंद केली. फोन लावला.

"काहून बे, झाकण कोणी लावलं?"

"कौन सा ढक्कन?"

"बेअरिंगचं! काय भरलं आतमधी? तुले कोणी सांगतलं होतं हात लावायले? गधा कुठचा, सगळी बेअरिंग जाळली माही!"

"अरे मैंने छुआ तक नहीं! मैं तो बैग रख के समोसा खाने गया था. कसम से. माँ कसम."

तिनं फोन कापला. हेड पुन्हा खाली घ्यायले आईले हाका मारल्या, आईनं बडबडत हात दिला, "आता काय झालं, आता काय राहिलं," अन् गेली. झाकणाचा एक स्क्रू तिरपा घुसला होता, आटे खाऊन, जसा डाव्या हातानं लावल्यावर घुसते. झाकण निघालं अन् ग्रीस बाहेर फुगून आलं, पुरणासारखं ठासून भरलेलं, वरून अंगठ्यानं दाबलेलं. अंगठ्याचे ठसे एकाशेजारी एक, गोल फिरून, पुरे. अन् सगळे ठसे उलट्या बाजूले कललेले.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी गुढियारीतल्या सगळ्या मशीनींले हार पडत, लाउडस्पीकर वाजत, बुंदी वाटली जाये. बाबा हार घालत नसत. ते त्या दिवशी सुट्टी घेत अन् मशीन खोलत. रॉकेलनं धूत, फडक्यानं पुसत, अन् मंग जिथं जिथं फिरतं अंग आहे तिथं ग्रीस भरत. चमच्यानं नाही, काडीनं नाही, अंगठ्यानं, ठासून, पुरं भरलं की वरून आणखी एक बोट. शेजारचा म्हणे, शामराव, एक नारियल तो फोड़ दो. बाबा म्हणत, नारळ तिले चावत नाही, हे चावते. मोनाली बाजूले बसून ग्रीसचा डबा धरे. हळू फिरणाऱ्या मशीनले कितीही चारा, ती पचवे. एवढं भरल्याशिवाय बाबाले चैन पडत नसे. कोणाले जेवायले वाढलं तरी त्यांचं तसंच होतं, पानात जागा दिसली की वाढ.

ती उठली. डोक्यात सणक गेली होती अन् तोंडात वाक्य तयार होतं, पुरं तयार, धार लावलेलं. तुमच्या हातानं मशीन जाळली असती माही. मी कव्हर विकायले गेली असती तुमच्यामुळं. ती दाराकडं वळली, अन् तेव्हा तिले भिंत दिसली. दारापासून मशीनपर्यंत चुन्याच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, काळपट ठसे होते. मशीनकडं जाताना फिके, परतताना गडद, ग्रीसचे. पंजा, मंग थोडं पुसटलेलं, जिथं तोल गेला असंल, मंग पुन्हा पंजा. खाली फरशीवर एक पाय ओढल्याची रेघ, आईनं अजून न पुसलेली. संडासले जायले ज्या माणसाले दोघं लागत, तो माणूस खुर्चीतून उठला होता. एकटा. उंबरठा ओलांडला होता. मशीनपर्यंत आला होता, उभा राहिला होता, उघड्या बेअरिंगीत एवढंसं ग्रीस पाहून त्याले वाटलं असंल, पोट्टी घाईघाईत उपाशीच ठेवून गेली हिले. अन् मंग डाव्या अंगठ्यानं, ज्या अंगठ्याले हे काम कधी आलंच नव्हतं, त्यानं भरलं. झाकण लावलं. स्क्रू लावले. परत गेला. खुर्चीत बसला. अन् कोणाले एक शब्द नाही.

मोनाली त्या ठशांजवळ उभी राहिली. तिचा राग कुठं गेला नव्हता, तिथंच होता, पण त्याले आता बसायले जागा सापडत नव्हती. तिनं एका ठशावर आपला पंजा ठेवला. तिचा लहान पडला. बाहेर बाबा खाकरले. त्यांनी सगळं आयकलं असंल, बटण, शिव्या, हेड उतरवल्याचं धाडकन्, पाने. कान तं दोन्ही बाजूंचे शाबूत होते. ते आता तिथं बसून वाट पाहत असतील ओरडण्याची, जसा पोट्टा वर्गाबाहेर उभा राहून वाट पाहते.

ती परत जमिनीवर बसली अन् कुल्फीची काडी घेतली. ग्रीस काढायले लागली. हळूहळू, कडेकडेनं. बेअरिंग फिरवून पाहिली, खरखर नव्हती, वाचली होती. पहिला थर काढला, डब्यात टाकला. दुसरा काढला. आता तिसरा हिस्सा राहिला होता, जेवढा लागते तेवढा. तिनं आधी भरलेलं कोणतं अन् बाबानं भरलेलं कोणतं, हे आता सांगता येत नव्हतं. तिनं ते तसंच राहू दिलं. तिरपा स्क्रू बदलला. आईनं पुन्हा हात दिला, या वेळी न बडबडता. तिची नजर भिंतीकडं गेली होती. फडकं तिच्या खांद्यावर होतं, पण तिनं ते काढलं नाही.

मशीन सुरू झाली. मोनालीनं नॉब थोडा थोडा करून वाढवला, मधी मधी थांबून स्पिंडलच्या नाकाले हात लावला. कोमट. पुन्हा वाढवला. कोमटच. मंग पट्टी बांधली, बारीक कटर लावला, दुधट पाणी सोडलं अन् टेबलाचं चाक फिरवलं. कटर आत गेला अन् अल्युमिनियमनं काही कुरकुर केली नाही. बुरादा रव्यासारखा उडाला, चमकत. खाच या टोकाची त्या टोकाले गेली. तिनं दुसरी पाडली. तिसरी पाडली. वरून एक हात मारून सगळा माथा साफ केला. आई दारातून म्हणाली, "सुरू आहे का बंद आहे?" अन् मोनाली म्हणाली, "झालं."

पट्टी पुसून ती ओट्यावर आली. उन्हं उतरली होती. समोरच्या गोदामात पोती उतरवणं सुरू होतं, हमाल एकमेकांले छत्तीसगढीत शिव्या देऊन राहिले होते. बाबा तिच्याकडं पाहत नव्हते.

"ग्रीस," बाबा म्हणाले. मंग थांबले. "कमी तं नाही पडलं ना?"

मोनाली आजपर्यंत कोणाची मर्जी राखायले काही बोलली नव्हती. सरले नाही, आईले नाही. तिले ते येतच नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "बरोबर होतं."

बाबानं मान हलवली. बराच वेळ हलवली. मंग डावा हात पुढं केला अन् तिनं त्यात पट्टी ठेवली. बाबा कोणतंही नवं काम डोळ्यांनी आधी पाहत नसत. त्यांनी डोळे मिटले अन् अंगठा माथ्यावरून फिरवला. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. मंग आडवा. मोनाली त्यांच्या तोंडाकडं पाहून राहिली. तिले वाटलं आता वा म्हणतील. अंगठा पुन्हा फिरला, शोधत, जसा अंधाऱ्या खोलीत माणूस बटण शोधते तसा.

"याले तं काहीच लागत नाही हाताले," बाबा म्हणाले.

"चांगलं आहे ना मंग?"

"चांगलंच आहे. पयल्या दर्जाचं आहे." अन् बाबानं पट्टी उलटी केली. मागची बाजू अजून कच्ची होती, करवतीनं कापून आणलेली तशीच, ओरखडेच ओरखडे. त्या बाजूवर अंगठा गेला अन् थांबला. मंग हळूच चालू लागला, ओरखड्या-ओरखड्यावरून, एकेकाले भेटत.

ती बाजूही मोनालीले साफ करायची होती. आजच. उद्या सकाळी पोहेवाला माणूस पाठवणार होता. तिनं हात पुढं केला होता, पट्टी वापस घ्यायले. हात तसाच पुढं राहिला. गोदामातलं शेवटचं पोतं उतरलं, ट्रकवाल्यानं फाळका लावला, अन् ती ओट्याच्या खांबाले टेकून उभीच राहिली, बाबाचं होईपर्यंत.